चिठ्ठीत असेल तेच

अब्बा,

समोर कोणी बसलेलं असल्याशिवाय मला बोलता येत नाही. ही खोड तुमच्याकडून आली असं लोक म्हणतात. म्हणून या पत्रात तुमच्या मागच्या रांगेत मी काही बाया बसवल्या आहेत. त्या तुमच्या ओळखीच्याच आहेत. एक कोणाची घरवाली आहे, एक कोणाची पोरगी, एक कोणाची आई. गावाने त्यांना जन्मभर कोणाच्या तरी नावामागे उभं केलं, आणि त्यांच्यातली कोणी गेली तेव्हाही तिला तिथूनच उचललं. आम्हा सगळ्यांची तक्रार एकच आहे आणि ती तुमच्यापाशी येऊन थांबते. तेव्हा आज मी बोलणार आणि तुम्ही ऐकायचं. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, पण गप्प बसणं तुम्हाला अजून जमलेलं नाही.

रोज सकाळी तुम्ही माझ्या दारावरून जाता. नगर परिषदेची घंटागाडी वळणावर येते आणि तिच्या भोंग्यातून तुमचा आवाज निघतो. ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा. तीनदा. जाण्याच्या आदल्या वर्षी तुम्ही ते रेकॉर्डिंग करून दिलं होतं. त्यानंतर गाड्या बदलल्या, गाडीवरची माणसं बदलली, तुम्ही तेच राहिलात. कोणतीही गोष्ट तीनदा सांगायची हा तुमचा नियम होता. पहिल्यांदा माणसाला आवाज ऐकू येतो, दुसऱ्यांदा शब्द, तिसऱ्यांदा मतलब. घरातही तुम्ही तसंच बोलायचात. पाणी द्या, पाणी द्या, पाणी द्या. मग स्वयंपाकघरातून अम्मीचा आवाज यायचा, "एक बार बोलो जी, बहरी नहीं हूं मैं."

तुमची प्रसिद्धी पेपरात छापून येणारी नव्हती, पण खरी होती. जुन्या बसस्टँडमागे तुमचं ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान. समोर माइक लावलेला ऑटो, ऑटोच्या टपावर दोन भोंगे. दिग्रसपासून पुसदपर्यंत आणि आर्णीपासून दारव्ह्यापर्यंत तुमचा आवाज न ओळखणारा माणूस नव्हता. जिनिंगवर कापसाच्या गाड्या कधी घेणार, नळ किती दिवस येणार नाही, पोलिओचा डोस कोणत्या शाळेत आहे, कोणाची बकरी हरवली, कोणाची म्हातारी गेली, हे सगळं गावाला तुमच्या तोंडून कळायचं. निवडणुकीत सकाळी तुम्ही एका पार्टीचे असायचात आणि दुपारी दुसऱ्या. दोन्ही वेळेला आवाजात तेवढंच तेज. मी शाळेत जाताना पानठेल्यावरचे म्हणायचे, "माइकवाल्याची पोरगी चालली रे, कान झाका." माझ्या मराठीच्या बाईंनीही मला वर्गात पहिल्यांदा उभं केलं ते नावाने नाही. "तू त्यांची ना? वाच मग मोठ्यानं."

आणि मी मोठ्याने वाचलं. हेच तर दुखणं आहे. आवाज तुमचाच होता.

तुमचा दुसरा नियम चिठ्ठीचा. ज्याला पुकारा करायचा आहे त्याने चिठ्ठी लिहून आणायची, आणि चिठ्ठीत असेल तेच तुम्ही वाचायचं. एक अक्षर जास्त नाही, एक अक्षर कमी नाही. "आपन कोन सांगनारे," तुम्ही म्हणायचात, "सांगनारा थो आहे, आपन त्याचा गळा." घरात आपली बोली हिंदी, पण माइकचा विषय निघाला की तुम्ही आपोआप वऱ्हाडीत शिरायचात. बहुतेकांना लिहिता यायचं नाही, किंवा लिहिलेलं तुम्हाला लागायचं नाही. म्हणून आठ वर्षांची झाले तेव्हापासून चिठ्ठ्या लिहायचं काम माझं. अक्षर टपोरं, ओळी सुट्या, जिथे दम घ्यायचा तिथे मोकळी जागा. माणूस येऊन घडाघडा सांगायचा आणि मी त्यातून दोन वाक्यं काढायची. लेखन मी तिथे शिकले. पुढे कपाटभर पुस्तकं वाचली, पण दोन वाक्यांत माणूस मावतो हे मला त्या फाटक्या वहीच्या पानांनी शिकवलं.

कळंबच्या चिंतामणीची जत्रा आठवते. हरवलेल्या पोरांच्या मांडवात तुम्ही माइकवर बसलेले आहात आणि मी तुमच्या पायाशी वही घेऊन. एक चार वर्षांची पोरगी आणून उभी केली जाते. नाक वाहतंय, हातात अर्धा खाल्लेला लाडू. तुम्ही विचारता, "बापाचं नाव काय बेटा?" तिला माहीत नाही. "गाव?" माहीत नाही. ती फक्त स्वतःचं नाव सांगते, पुन्हा पुन्हा, जसं काही तेवढंच पुरेसं आहे. मी तुमच्याकडे बघते. तुम्ही म्हणता, "लिही मंग, जे सांगते थेच लिही." मी लिहिते. तुम्ही ते नाव तीनदा घेता, पुढे ना बापाचं ना गावाचं, नुसतं नाव, आणि तिसऱ्या वेळेला गर्दीतून एक बाई चप्पल टाकून धावत येते. त्या दिवशी मला वाटलं होतं, माझा बाप जगातला सगळ्यात मोठा माणूस आहे. हे मी कधी कोणत्या व्यासपीठावर सांगितलं नाही. तिथे मी दुसरी गोष्ट सांगत आले.

ती गोष्ट अम्मीची. हा आवाज आपल्या चुलीवर शिजतो असं ती म्हणायची, आणि ते खरंच होतं. रोज पहाटे ज्येष्ठमध, आलं आणि मिऱ्यांचा काढा तिने उकळल्याशिवाय तुमचा गळा उघडत नसे. गाव तुमचा आवाज ऐकायचं, त्या काढ्याचा वास फक्त आपल्या घराला माहीत होता. तुम्ही तिला "सुनो" म्हणायचात. मोहल्ला तिला माझं नाव लावून, हिची अम्मी, असं म्हणायचा. दुकानावर येणारे तिला माइकवालीण म्हणायचे. तिला स्वतःचं नाव आहे हे मला पहिल्यांदा कळलं ते वाचता यायला लागल्यावर, एका स्टीलच्या पातेल्यावर. लग्नातल्या भांड्यांवर मशीनने टिंब टिंब करून कोरलेलं. मी बोट फिरवून वाचलं आणि विचारलं, "ये किसका नाम है?" ती चूल फुंकत होती. हसली. म्हणाली, "बर्तन का."

मी पंधरा वर्षांची असताना ती गेली. सकाळी उठली, काढा ठेवला, आणि भिंतीला टेकून बसली ती बसलीच. घरात बाया जमल्या, दारात माणसं. कोणीतरी तुम्हाला म्हणालं, "भाई, आजच्या दिवस दुसऱ्याले पाठवू." तुम्ही मान हलवलीत. "आजवर साऱ्या गावाची खबर म्या देल्ली. तिची दुसरा देईल काय?" तुम्ही ऑटोत बसलात. मी खिडकीत उभी होते. भोंगा सुरू झाला आणि तुम्ही तुमच्या त्याच स्वच्छ आवाजात, स्वतःबद्दल परक्यासारखं बोलत, गल्लीतून निघालात. जुन्या बसस्टँडमागे राहणारे माइकवाले, यांच्या पत्नीचा आज सकाळी इंतकाल झाला आहे. जनाजा जोहरच्या नमाजनंतर राहत्या घरून निघेल. तीनदा. प्रत्येक चौकात तीनदा. आवाज एकदाही हलला नाही. आणि तिचं नाव एकदाही आलं नाही.

बकरी हरवली तर तुम्ही तिचा रंग सांगायचात, अब्बा. कान कापलेला आहे का, गळ्यात घुंगरू आहे का. आणि अम्मीची एवढीच खूण, की ती तुमची होती.

त्या दिवसापासून मला तुमच्यासारखं व्हायचं नव्हतं. मी वादविवाद स्पर्धांना जायला लागले आणि माइक बाजूला सारून बोलायला लागले. आयोजक धावत यायचे, "ताई, माइक चालू हाये," आणि मी म्हणायचे, मला नको. दोन वर्षं मी उघड्या गळ्याने शाळांच्या पटांगणांत ओरडले. गळा फाटला. घशातून रक्त आलं तेव्हा यवतमाळच्या डॉक्टरांनी सहा महिने माझं बोलणं बंद केलं. त्यातून जो खरबरीत आवाज उरला तो माझा. तो मला वारशात मिळालेला नाही, मी तो माझा गळा जाळून घडवला आहे. तरी माझ्या भाषणाच्या पत्रकावर अजूनही छापतात, सुप्रसिद्ध माइकवाल्यांच्या कन्या, आणि त्याखाली बारीक अक्षरांत माझं नाव.

मला राग तुमच्या आवाजाचा नव्हता, तो कोणालाही मिळायचा याचा होता. मी कॉलेजात होते तेव्हाची निवडणूक आठवा. एका वॉर्डात एक विधवा बाई उभी होती, आणि तिच्याविरुद्धच्या उमेदवाराची माणसं चिठ्ठी घेऊन आली. चिठ्ठीत त्या बाईचं नाव होतं, पूर्ण, आणि नावापुढे तिच्या चालचलणुकीबद्दल जे लिहिलं होतं ते मी इथे लिहिणार नाही. तुम्ही चिठ्ठी दोनदा वाचलीत. मी दारात उभी. मनात म्हणत होते, आता नाही म्हणा. एकदा तरी फाडून फेका. तुम्ही खोकलात, गळ्याला हात लावलात, आणि कुजबुजल्यासारखं म्हणालात, "गळा बसला ना भाऊ." भर उन्हाळ्यात तुम्ही मफलर गुंडाळलात. प्रचार संपेपर्यंत आठ दिवस तुम्ही सगळ्याच पार्ट्यांचं काम सोडून घरी बसलात, येणाऱ्याजाणाऱ्याला हाताने खुणा करत. आणि मागच्या अंगणात कोंबड्यांवर मात्र खणखणीत ओरडत होतात.

मी भांडले. "सरळ नाही म्हणायला काय झालं होतं? खोटं काहून बोललात?" मला तुम्हाला तुमच्याच बोलीत टोचायचं होतं.

तुम्ही मफलर सोडवत म्हणालात, "खोटं कुठी बोललो बेटा? म्या तं बोललोच नाई."

मला ते भित्रेपण वाटलं. आजही पुरतं धाडस वाटत नाही, सांगून ठेवते. ज्याचा आवाज चार तालुके ऐकतात त्याने चौकात उभं राहून म्हणायला हवं होतं, की ही चिठ्ठी मी वाचणार नाही, आणि का वाचणार नाही.

मग यवतमाळचा तो मेळावा. बायांनी भरलेला हॉल. तुम्ही न सांगता आलात आणि शेवटच्या रांगेत, खांबाजवळ बसलात. मी तुम्हाला पाहिलं आणि तुमच्याकडे बघूनच बोलले. "माझ्या बापाने माझ्या आईच्या मरणाची खबर साऱ्या गावाला दिली, आणि तिचं नाव घेतलं नाही." आधी टाळ्या, मग रडणं. बाया उठून आपापल्या आयांची नावं सांगायला लागल्या. तेव्हापासून ते वाक्य माझं झालं. मी ते शेकडो वेळा बोलले आहे. जिल्ह्यात मला माझ्या नावाने कोणी बोलावत असेल तर त्या वाक्यामुळे. दिग्रसला परतताना आपण एसटीत शेजारी बसलो होतो. मी वाट बघत होते की तुम्ही काहीतरी म्हणाल. लाडखेड गेलं, दारव्हा गेलं. मग तुम्ही शर्टाच्या खिशातून खडीसाखरेची पुडी काढून माझ्या हातात ठेवलीत. "माइक लय जवळ धरते तू," म्हणालात. "एक वीत लांब धरत जाय. फाटते आवाज." बस. एवढंच. मी ती पुडी खिडकीतून फेकली. तुम्ही पाहिलंत, आणि पुढच्या वळणावर डोळे मिटून घेतलेत.

आता जे झालं ते सांगते, ज्याच्यामुळे हे पत्र लिहायला बसले.

गेल्या आठवड्यात दोघं घरी आले. एक, या वेळी नगर परिषदेला उभा राहिलेला उमेदवार, दुसरा त्याच्या प्रचाराचं बघणारा, लॅपटॉप घेऊन. सोफ्यावर बसले, चहा घेतला. उमेदवार म्हणाला, "ताई, भाईचा आवाज म्हंजे गावाचा विश्वास. आजबी रोज सकाळी लोकायच्या कानात हाये." मी म्हटलं, कचऱ्याबरोबर. तो हसला. लॅपटॉपवाला म्हणाला की घंटागाडीचं रेकॉर्डिंग आणि जुन्या दोन कॅसेट कॉम्प्युटरला दिल्या की तो तुमचा आवाज शिकून घेतो. मग काहीही लिहून द्या, तुम्हीच बोलताय असं वाटतं. घरच्यांची एक सही फक्त पाहिजे.

"काहीही?" मी विचारलं.

"काईबी, ताई. तुमीच पाहा ना." लॅपटॉपवाल्याने खिशातून पेन काढलं आणि माझ्या पुढ्यात एक कोरा कागद सरकवला. "काय बोलवाचं थे लिहा. आत्ता ऐकवतो."

तुम्हाला खरं सांगते, मी कागद जवळ ओढला. तीस वर्षं मी जे मागत होते ते समोर होतं. तुमच्या आवाजात अम्मीचं नाव, तीनदा, तुमच्या त्याच पद्धतीने. मी पेन उचललं. लिहायला लागले. जुन्या बसस्टँडमागे राहणारे माइकवाले. अक्षर टपोरं. यांच्या पत्नी. मग दम घ्यायला मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेपाशी पेन थांबलं.

कारण तो कागद मी आधी एकदा लिहिलेला होता.

मी चिठ्ठी उचलली, घडी घातली, पदराला बांधली. दोघांना म्हटलं, "सही मिळणार नाही." उमेदवार म्हणाला, "ताई, वाईट काई बोलवनार नाई, अल्ला कसम." मी म्हटलं, "आज नाही बोलवणार. उद्या कोणी या कॉम्प्युटरच्या हातात एखाद्या बाईच्या चालचलणुकीची चिठ्ठी ठेवली तर? माझ्या बापाचा गळा बसायचा. या आवाजाचा गळा बसणार आहे का?" त्याला ते कळलं नाही. लॅपटॉपवाल्याला कळलं असावं, कारण त्याने नजर खाली घातली. मी त्यांना दारापर्यंत सोडलं आणि हेही सांगितलं, की सहीशिवाय तुमचा आवाज कुठे वाजला तर मी चौकाचौकात उभी राहून, माइकशिवाय, ओरडून सांगेन की हा माझा बाप नाही. मी ते करीन. तुम्ही मला ओळखता.

तुमच्याशी माझं भांडण मिटलेलं नाही. तुम्ही चिठ्ठीबाहेर एक शब्द बोलू शकला असतात. पंचवीस वर्षं जिच्या हातचा काढा प्यालात, तिच्यासाठी एकदा नियम मोडता आला असता. ते मी सोडणार नाही. तुमच्या मागे बसलेल्या बायाही सोडणार नाहीत.

पण त्यांनी आता माझंही ऐकायचं आहे. त्या सकाळी मोहल्ल्यातल्या बाया अम्मीभोवती रडत होत्या, तेव्हा तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन माझ्याकडे वही सरकवलीत. तुम्ही फक्त म्हणालात, "लिख दे बेटा." आणि मी लिहिलं. टपोरं, सुटं, दोन वाक्यांत, जसं गावातल्या प्रत्येक बाईचं लिहीत आले होते तसंच. समोरच्या फळीवर पातेलं होतं. त्यावर तिचं नाव होतं. मला ते पाठ होतं. मी ते लिहिलं नाही, कारण ते लिहायचं असतं हे मला सुचलंच नाही. तुम्ही चिठ्ठीत होतं तेच वाचलंत. आणि मग यवतमाळच्या त्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेत बसून, पुढे आयुष्यभर, तुम्ही तो दोष माझ्या पदरात टाकला नाहीत. एका शब्दाने तुम्ही माझं सगळ्यात गाजलेलं वाक्य मोडू शकला असतात. तुम्ही खडीसाखर दिलीत.

हे पत्र टाकायला पेटी नाही. घडी करून त्याच पातेल्यात ठेवीन. मात्र माझ्या पुढच्या सभेत ते वाक्य बदललेलं असेल, आणि बदललेलं वाक्य ऐकून कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत तरी चालेल.

आणि बायांनो, तुम्हाला एकच काम सांगते. उद्या तुमच्या घरातून कोणी बाई गेली, की खबर द्यायला जो निघेल त्याच्या हातातली चिठ्ठी आधी आपल्या हातात घ्या. तो कोणाचा बाप असो, किती मोठा असो. सगळ्यात वर, पहिल्या ओळीत, तिचं नाव लिहा. मग त्याला जाऊ द्या.

मी तेव्हा अम्मीचं नाव लिहिलं नाही. पदराच्या गाठीतला कागद काढून, त्या मोकळ्या जागेत, आत्ता लिहिते आहे.

कुलसुम बी.